दही न लागणारं घर

जंतू नावाच्या जिवाला या भूतलावर कुणी खरोखर दहशत बसवली असेल, तर ती आमच्या थोरल्या वन्संनी. डॉक्टर लोकही जंतूंशी लढतात म्हणे, पण ते ठरलेल्या वेळात आणि पगार घेऊन. वन्संचं वैर अष्टौप्रहर चालू. माढ्याच्या अलीकडे उसाच्या पट्ट्यात त्यांची वस्ती आहे. फाट्यावर उतरून चालायला लागलं की घर दिसायच्या आधी ब्लिचिंग पावडरचा वास येतो, आणि तो वास आला की मी पदर खोचते. पुढे काय होणार हे मला लग्न झाल्यापासून पाठ आहे. आधी हात, मग पाय, मग पिशवी, मग पिशवीतली केळी, असं सगळं वन्संच्या बादलीतून पार पडल्याशिवाय घरात प्रवेश नाही. आमचे हे म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, पण त्यांनाही बादली चुकलेली नाही. एकदा वैतागून म्हणाले, "अक्का, मी तुजा भाऊ हाय की." त्यावर वन्सं शांतपणे म्हणाल्या, "भाऊ हायस, पन आलास यष्टीतनं."

त्यांच्याकडे कोंबड्यांची शेड आहे. शेडच्या दारात जांभळ्या औषधाच्या पाण्याचं घमेलं असतं. आत जाणाऱ्यानं त्यात पाय बुडवून जायचं, म्हणजे बाहेरचा रोग पिल्लांपर्यंत पोचत नाही. असं घमेलं सगळ्याच पोल्ट्रीवाल्यांकडे असतं. वन्संनी मात्र दुसरं घमेलं राहत्या घराच्या दारात ठेवलं. त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी तिथे होते. मुलाचे वडील पांढऱ्या स्वच्छ धोतरातले, गावचे मानकरी. वन्संनी हात जोडून नमस्कार केला, घरात या म्हटलं, आणि घमेल्याकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं, इकडची रीत असेल. धोतराचा सोगा सावरत ते त्यात उभे राहिले. त्या पाण्याचा रंग जांभळा असला तरी पायावर डाग पडतो तो तपकिरी, आणि चांगला आठवडाभर जात नाही. सोयरीक जमली, लग्न थाटात झालं. पण नव्या सुनेला सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, "तुज्या चुलतीनं आंदनात ते घमेलं तर दिलं न्हाय ना?"

वन्संचा दुसरा लौकिक एसटीतली जागा धरण्याचा. सोलापूर स्टँडवर माढ्याची गाडी अजून फलाटाकडे वळत असतानाच वन्संचा चौकड्यांचा रुमाल खिडकीतून आत गेलेला असतो. नेम असा, की पोरांनी गोफण शिकावी. त्यांचा कायदा साधा आहे: जो आधी टेकला त्याची जागा, मग मागून तालुक्याचा साहेब येवो नाहीतर जिल्ह्याचा. एकदा एक दणकट गृहस्थ रुमाल बाजूला सारून खुशाल बसले. वन्सं भांडल्या नाहीत. त्यांच्यासमोर उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या. मोहोळ यायच्या आत ते गृहस्थ आपणहून उठले आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे उभे राहिले.

आता आमचं घराणं लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि अंड्याचा उल्लेख करायचाच झाला तर 'ते पांढरं' असा. त्या घरच्या लेकीनं कोंबड्या पाळायला काढल्या, तेव्हा सासूबाईंनी वर्षभर तिच्या वस्तीवर पाऊल टाकलं नाही. पण वन्संचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता, घरात त्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एवढेच उरले होते, आणि वन्संना रिकामं बसणं म्हणजे आजार. कंपनीची गाडी एक दिवसाची पिल्लं आणि खाद्य आणून टाकते. पिल्लं वाढवायची आपण. दीड महिन्याची झाली की कंपनीचीच गाडी येऊन घेऊन जाते. वन्सं त्या पिल्लांसाठी जीव टाकतात, पण त्यांच्या घरात आजतागायत अंडं शिजलेलं नाही. आणि न्यायची गाडी ज्या दिवशी येणार, त्या दिवशी वन्सं घरात थांबत नाहीत. सकाळच्या एसटीनं सोलापूरला येतात, भवानी पेठेत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे, तिथे मशीनशेजारच्या स्टुलावर बसतात, आणि आलेल्या साड्यांचे काठ बोटांनी चाचपत राहतात. त्या दिवशी मी त्यांना काही विचारत नाही. गिऱ्हाईकानं भाव केला तर त्याच परस्पर झापतात, तेवढंच.

जाताना मात्र एक गोष्ट न चुकता नेतात, ती म्हणजे विरजण. झाकणाची एक एवढीशी स्टीलची बरणी त्यांच्या पिशवीत कायम असते. आमच्या घरचं विरजण सासूबाईंच्या हातचं. सासूबाई गेल्या, पण विरजण चालू आहे. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याला, असं करत करत ते माझ्यापर्यंत आलं. सासूबाईंची पद्धत अशी की विरजण वाटीभर पाण्यात कालवायचं आणि मग कोमट दुधात सोडायचं. वन्संही तसंच करत. पण त्यांच्या घरी दही म्हणून कधी लागलं नाही. दुसऱ्या दिवशी बघावं तर दूध ते दूधच, वर थोडं पाणी सुटलेलं. मग दर खेपेला नवं विरजण. दोष अर्थात त्यांचा नसे. कधी म्हैस बदलली म्हणून, कधी थंडी म्हणून, आणि बहुतेक वेळा माझ्यामुळे. "तू देताना मनापासनं देत न्हाईस बग," असं त्या मला सरळ सांगत. दिवेलागणीनंतर विरजण कुणाला द्यायचं नाही, घरची लक्ष्मी जाते, हा नियमही त्याच मला शिकवणार, आणि सहाच्या गाडीला उशीर होतोय म्हणून दिवा लावायच्या आत बरणी भरून घ्यायची घाईही त्याच करणार. त्यांच्या सुगरणपणाची सगळ्या सोलापुरात ख्याती. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करावी तर त्यांनीच. पण माढ्याच्या अंगाला त्यांचं नाव निघालं की बायका हळूच म्हणत, त्यांच्यात दही लागत न्हाय.

माणसांशी वन्सं मराठीत बोलतात, आणि बोलतात म्हणजे बहुधा रागावतात. पिल्लांशी बोलतात ते कानडीत. सासूबाई अक्कलकोटच्या बाजूच्या, त्यांच्या घरात तान्ह्या लेकराशी कानडीतच बोलायची रीत. गाडीतून पिल्लांचे खोके उतरले की वन्सं एकेक पिल्लू दोन्ही हातांत धरून त्याची चोच पाण्यात टेकवतात आणि म्हणतात, "बा मरी, बा." ये बाळा, ये. एकदा चोच ओली झाली की पिल्लाला पाणी कळतं. हजारो पिल्लं असली म्हणून काय झालं, जमतील तेवढ्यांना हातानं पाजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तो आवाज ऐकला की या बाईनं पाहुण्याला घमेल्यात उभं केलं होतं, हे खरं वाटत नाही.

या सगळ्या धुण्याबिण्यामागचं कारण मला सासूबाईंनी सांगितलं, तेही एकदाच. पुण्याच्या मुलाच्या आधी वन्संना एक मुलगी झाली होती. त्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर तळाला गेली होती, मिळेल ते पाणी प्यायचे सगळे. रांगतं लेकरू हगवणीनं गेलं. पंचायतीनं पावडर वाटायला सुरुवात केली ती त्यानंतर. वन्संनी तिचा एक शब्द कधी माझ्यापाशी काढला नाही. मी त्यांच्या बादलीला खूप हसलेय, चारचौघांत नकलाही केल्यात, पण हे कळल्यापासून बादलीत हात घालताना मी कुरकुर केलेली नाही.

आणि म्हणूनच पिल्लांना पांढरी हगवण लागायला लागली, तेव्हा मला दाजींपेक्षा वन्संची काळजी वाटली. आली तेव्हा टुणटुणीत दिसणारी पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत बसायची, पंख पाडायची, बुडाला पांढरी घाण चिकटायची, आणि सकाळी टोपलीनं बाहेर काढावी लागायची. पूर्वी पहिल्या दिवसापासून पाण्यात अँटिबायोटिक टाकलं की भागत असे. हळूहळू भागेना. डोस वाढवला, औषध बदललं, आणखी महागाचं आणलं. तालुक्याला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पोल्ट्र्या हिंडून बघायच्या, आणि विशेष म्हणजे घमेल्यात पाय बुडवायला सांगावं लागलं नाही, स्वतःच बुडवला, त्यामुळे वन्संच्या मनात भरल्या. त्यांनी मेलेली पिल्लं फाडून बघितली आणि सांगितलं, "आजी, गरज असो-नसो, रोज तेच औषध देऊन जंतू त्याला सरावलेत. आता ते बंद करू. आजारी पडली तर मी बघून देईन, पण आल्या आल्या नाही."

"मग द्यायचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी बॅगेतून एक पुडी काढली. "यात जंतू आहेत. चांगले जंतू."

त्या दिवशी मी तिथे होते म्हणून सांगते, वन्संनी त्या पुडीकडे असं बघितलं, जसं काही कुणी त्यांच्या देव्हाऱ्यात चपला ठेवल्या. जंतू, आणि चांगले! डॉक्टरीणबाई बिचाऱ्या समजावत राहिल्या. कोंबडीच्या पंखाखाली निघालेल्या पिल्लाला आईकडूनच हे जंतू मिळतात. ती जिथे टोचा मारते तिथे तेही टोचा मारतं, तिच्या अंगाखालची माती खातं. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आईच नसते. ते स्वच्छ जन्माला येतं, पोट रिकामं. मग पहिला जो कुणी जंतू येईल तो आतड्याला चिकटून बसतो. वाईट आला तर वाईट. म्हणून आपण आधी चांगले सोडायचे, म्हणजे वाइटांना चिकटायला जागाच उरत नाही.

वन्संनी पुडी हातात घेऊन उलटीसुलटी केली. मग म्हणाल्या, "म्हंजी यष्टीत रुमाल टाकायचा."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मला कळलं, आणि दाजींना तर इतकं कळलं की ते उठून बाहेर गेले हसायला. वन्संचं मात्र ठरलं. आणि वन्संचं एकदा ठरलं की ठरलं. औषधाच्या बाटल्या त्याच दिवशी कपाटातून काढून माळ्यावर गेल्या. डॉक्टरीणबाईंनी जाताना बजावलं की पुडी साध्या पाण्यात कालवा, पिल्लं उतरली की पहिलं पाणी तेच पाजा, आणि त्या पाण्यात कुठलंही औषध घालू नका. वन्संनी हे सगळं अक्षरशः पाळलं. पुढच्या खेपेला पिल्लं आली, वन्संनी त्यांना हातानं ते पाणी पाजलं, "बा मरी, बा."

चौथ्या दिवशी पिल्लं दिव्याखाली गोळा झाली. पाचव्या दिवशी टोपली भरली.

डॉक्टरीणबाईंनी धावत येऊन, तपासून, औषध देऊन वाचतील तेवढी वाचवली. पण दाजी खचले. दाजी मितभाषी माणूस. वन्संच्या वाट्याचं बोलणं वन्सं आणि दाजींच्या वाट्याचंही वन्संच बोलतात, असा संसार. ते पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "आता एकच खेप. तीबी अशीच गेली तर शेड कांदं साठवायला व्यापाऱ्याला देऊन टाकू. पोरगं कवाचं बोलवतंय, पुन्याला जाऊ." वन्सं एकदा पुण्याला राहून आल्या होत्या. चौथ्या मजल्यावर, बंद दाराच्या घरात, गॅलरीतून खाली बघत. परत आल्यावर मला म्हणाल्या होत्या, "तितं हात धुवायचं बी कारन न्हाय बग. हात कशाला लागतच न्हाईत." त्या घरात कायमचं जायचं, म्हणजे या बाईचं काय होईल हे मला दिसत होतं. वन्संनाही दिसत होतं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "एक खेप तर एक खेप."

ती खेप यायच्या आदल्या दिवशी आम्ही हुरड्याला गेलो होतो. जानेवारीतला हुरडा म्हणजे आमच्याकडे सणच. शेतात आगटी पेटते, ज्वारीची कोवळी कणसं भाजतात, तळहातावर चोळून गरम गरम खायची, बरोबर शेंगाचटणी, गूळ आणि दही. दही मी सोलापुरातून डब्यात नेलं होतं. आमच्या ह्यांनी आणि दाजींनी ते पहिल्या पाच-दहा कणसांतच संपवलं. म्हणून आदल्या संध्याकाळी वस्तीवर पोचल्यावर वन्संच्या चुलीजवळ मी स्वतः लावून ठेवलेलं दही आणायला घरात गेले. म्हटलं, ह्या खेपेला माझा हात आहे, बघू कसं लागत नाही. झाकण काढलं. दूध ते दूधच.

मला रागच आला. विरजण माझं, दूध त्याच दिवशी काढलेलं, मी रोज सोलापुरात लावते तसंच लावलेलं. मग मी तिथेच उकिडवी बसून काय काय केलं ते आठवायला लागले. विरजण वाटीत घेतलं. पाण्यात कालवलं. पाणी घेतलं कशातलं? कोपऱ्यातल्या पिंपातलं. मी पिंपात नाक घातलं. डोळ्यांतून पाणी आलं, इतका उग्र वास. आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. साठवून साठवून त्यातली पावडर कधीच उडालेली असते, म्हणून माझं दही लागतं. वन्संच्या पिंपात दर सकाळी नवी पावडर, आणि तीही वन्संच्या हातची, म्हणजे पंचायतीनं सांगितलेल्यापेक्षा सढळ. विरजण म्हणजे तरी काय, जंतूच. पाण्यात कालवल्या कालवल्या मरत होतं. आणि तसं असेल तर ती पुडीही मरत होती. ब्लिचिंग हे वन्संच्या लेखी औषध नव्हतंच, तो पाण्याचाच भाग होता. डॉक्टरीणबाई औषध घालू नका म्हणाल्या, आणि वन्संनी घातलं नाही.

मी शेतात जाऊन हे सांगितलं. डॉक्टरीणबाईंना स्पीकरवर फोन लावला, त्या पलीकडून हसाव्यात की रडाव्यात अशा आवाजात म्हणाल्या, "अरे देवा, व्हय की! तुमी पाव्हन्यांना जेवायला बोलवून उंबऱ्यावरच मारलं की हो आजी. मला तुमच्या पिंपात आधीच बघायला पायजे हुतं." एरवी कागदासारखं बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदा आमच्यासारखं बोलल्या. सगळे हसले. वन्सं हसल्या नाहीत. हातातलं कणीस त्यांनी खाली ठेवलं.

"बिनपावडरीचं पानी माज्या दारात कुनाला पाजनार न्हाय," त्या म्हणाल्या. "शेड ऱ्हावू दे, न्हायतर जावू दे."

दाजींनी आगटीत बघितलं. मला सासूबाईंनी सांगितलेलं ते आठवलं. वाद घालायची सोयच नव्हती. या बाईनं आपलं लेकरू पाण्यापायी घालवलं होतं, आणि आम्ही तिला सांगत होतो की पाण्यातली राखण काढून घे. शेवटी मी एवढंच म्हटलं, "वन्सं, उकळून गार केलेलं पानी चालतं म्हनत्यात डॉक्टरीणबाई. उकळल्यावर तर वाईट काय ऱ्हात न्हाय की त्यात." घरी गेल्यावर मी बघितलं, तर त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं होतं. ते उकळलं, गार झालं. मग त्यांनी दुधाच्या दोन वाट्या घेतल्या. एकीत पिंपातल्या पाण्यात कालवलेलं विरजण, दुसरीत उकळलेल्या पाण्यातलं. दोन्ही वाट्या चुलीच्या उबेला ठेवल्या, वर परडी उपडी घातली, आणि कुणी हात लावायचा नाही असं मांजरासकट सगळ्यांना बजावलं.

सकाळी मी उठले तेव्हा वन्सं त्या दोन वाट्यांपुढे बसल्या होत्या. एक वाटी त्यांनी आडवी केली तर दूध वाहायला लागलं. दुसरी आडवी केली, काही हललं नाही. त्या घरात लागलेलं ते पहिलं दही. त्यांनी बोटभर काढून जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "आईच्या हातचं हाय." मग पदरानं तोंड पुसून उठल्या आणि दाजींना हाक मारली, "अवो, लग्नाचं पातेलं काढा माळ्यावरनं."

गाडी दुपारी येणार होती. पोराच्या लग्नातलं ते पातेलं अंगणात चुलवणावर चढलं. एवढं मोठं पातेलं चढलेलं बघून आजूबाजूच्या वस्त्यांवरची दोघं-तिघं जेवण काय आहे ते विचारून गेली, आणि नुसतं पाणी उकळतंय म्हटल्यावर जरा रागावूनच गेली. पिल्लांची भांडी वन्संनी उकळत्या पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली. पाणी गार व्हायला थोरल्या घमेल्यांत ओतलं, वर पांढरं फडकं. सवयीनं त्यांचा हात एकदा कोनाड्यातल्या पावडरीच्या डब्याकडे गेला. मी बघत होते. त्यांनी डबा उचलला, झाकण घट्ट लावलं, आणि माझ्या हातात दिला. "हे सांजपातुर तुज्यापाशी ठेव. मी मागितलं तरी देऊ नगंस."

खोके उतरले. पुडी कालवली गेली. मी, दाजी, आमचे हे, सगळे ओळीनं बसलो चोची टेकवायला. वन्सं मधे. "बा मरी, बा. बा मरी, बा." प्यायची भांडी भरायला मी उठले, तर म्हणाल्या, "त्यातलं न्हाय. ते पिपातलं हाय. फडक्याखालचं घे, बाळाचं पानी." बाळाचं पाणी. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी फडकं उचललं आणि भांडी भरायला घेतली.

पुढचा आठवडा आमच्या घरात कुणी मोबाइल बाजूला ठेवला नाही. रोज सकाळी मी फोन करायची. तिसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, खात्यात. चौथ्या दिवशी, पळत्यात. पाचव्या दिवशी फोन दाजींनी उचलला. "काय झालं दाजी?" "काय न्हाय. ती आत हाय. टोपली शोधतीया." "टोपली? कशाला?" "रिकामीच हाय म्हून, कांदं भरायला." दोन-चार पिल्लं गेली, तेवढी सगळ्यांचीच जातात. बाकीची दिव्याखालून शेडभर पांगली, आणि चांगल्या पिल्लांनी पांगायचंच असतं. दाजींनी कांद्याच्या व्यापाऱ्याला परस्पर नको म्हणून कळवलं. वन्संना त्यांनी हे सांगितलं नाही. वन्संनीही विचारलं नाही. पिंपातल्या पावडरीला मात्र धक्का नाही. माणसांना अजून तेच पाणी, तीच बादली, तेच घमेलं. बाळाचं पाणी वेगळं उकळतं, आणि विरजण त्या पाण्यात कालवलं जातं.

मार्चमध्ये सोलापूर तापायला लागलं. आम्ही एका लग्नाला बाहेरगावी गेलो, आणि इकडे फ्रिज बंद पडला. येऊन बघते तर दह्याचा डबा निळा-हिरवा, वास असा की उघडवेना. सगळं टाकून दिलं, डबा घासला, आणि मग माझ्या लक्षात आलं की सासूबाईंचं विरजण गेलं. मी तिथेच भांड्यांपाशी बसून रडले. बाजारात दह्याचे पॅक मिळतात, त्यानं दही लागतंही, पण ते काही घरचं नव्हे. वन्संना फोन करून सांगितलं, तर त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

दोन दिवसांनी, ऐन दिवेलागणीला, वन्सं दुकानाच्या पायरीशी उभ्या. एरवी सकाळी येणाऱ्या. मी हिशेब केला आणि मला कळलं, दीड महिना झाला होता. आज गाडी आली असणार. एरवी त्या गाडी यायच्या आधीच निघतात. ह्या खेपेला थांबल्या होत्या, सगळी जाईपर्यंत. अंगावर धूळ होती, एक बारकं पीस अंबाड्यात अडकलं होतं. हात-पाय न धुता त्या दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं.

"गाडी भरायला लई येळ लागला," त्या म्हणाल्या. "समदी जगली हुती की."

मी पाणी दिलं. पेल्याचा वास न घेता त्या पाणी प्यायल्या. मग पिशवीतून ती एवढीशी बरणी काढली आणि दोन्ही हातांत धरून बसल्या. आत काय असणार हे मला ठाऊक होतं. मी हात पुढे केला. त्यांनी बरणी मागे घेतली. "दिवा लागलाय. आता न्हाय. सकाळी देते."

रात्री जेवताना त्या दोनच घास जेवल्या. ती सगळी आपणच जगवली आणि आपणच गाडीत चढवली, असं काहीसं त्यांच्या मनात असेल. उशाशी बरणी घेऊन झोपल्या. सकाळी मी उठले तेव्हा अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं, पहिल्या गाडीनं निघूनही गेल्या होत्या. पुढच्या खेपेची पिल्लं यायला अजून वेळ होता, पण शेड धुवायची होती. ओट्यावर, जिथे सासूबाई त्यांचं दह्याचं भांडं ठेवायच्या बरोबर तिथे, ती बरणी होती. तिच्याखाली, कुणी मधे घेऊ नये म्हणून, चौकड्यांचा रुमाल पसरलेला.

मी दूध कोमट केलं, विरजण थोड्या पाण्यात कालवून त्यात सोडलं, आणि झाकून ठेवलं. संध्याकाळपर्यंत दही लागलं होतं. रुमाल मी धुऊन ठेवलाय, त्या आल्या की द्यायला.